दोन दिवस समुद्रावर जायचंय? आधी वही उघडा



आम्ही कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीच्या आसपासच्या गावांतल्या बचत गटाच्या बाया. ‘पंचतारांकित’ म्हटलं की पाहुण्यांना वाटतं, इथं मोठमोठी हॉटेलं असतील. पण लक्ष्मी टेकडीपासून आत वळलं की काय दिसतं ते तुम्हाला ठाऊक आहे. रुंद रस्ते, सूतगिरण्या, कापडाचे कारखाने, फाउंड्र्या, आणि शिफ्ट सुटली की डबा हातात घेऊन झपाझप चालणाऱ्या आपण. आमच्यातल्या काही जणी कारखान्यात जातात, काही कँटीनमध्ये पोळ्या लाटतात, काही रानात आणि गोठ्यात राबतात. पाच तारे एमआयडीसीला असतील. आपल्या वाट्याला सुट्टीच्या दिवशी धुणं, दळण आणि राहिलेली भांगलण.

आमच्या गटात एकदा सहज विषय निघाला, समुद्र कुणी कुणी पाहिलाय? चौदा जणींपैकी पाच जणींनी पाहिला होता. तोही कुठं गणपतीपुळ्याला जाता-येता, मुलं सांभाळत, घरच्यांच्या चपला राखत. बाकीच्या नऊ जणींनी टीव्हीतच. कोल्हापूर जिल्ह्यातून घाट उतरला की कोकण. चार तासांची वाट. तरी पन्नाशी आली आणि पाय पाण्याला लागले नव्हते. त्या दिवशी ठरलं, जायचं. दोन दिवस, एक मुक्काम, फक्त बायांनी.

पहिल्या वर्षी आमचा बेत मोडला. तारीख तोंडी ठरली होती, पैसे ऐनवेळी गोळा करायचे होते, आणि राहण्याच्या जागेला दिलेला विसार परत मिळाला नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही वही उघडली, तेव्हा गेलो. म्हणून आजची गप्पा सहलीची असली तरी सुरुवात वहीपासून करतो.

पैसे : सहलीचा डबा वेगळा

पहिली गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. गटाच्या बचतीला, अंतर्गत कर्जाच्या पैशाला किंवा गटाला मिळालेल्या फिरत्या निधीला सहलीसाठी हात लावायचा नाही. तो पैसा कुणाच्या म्हशीसाठी आहे, कुणाच्या पोराच्या फीसाठी आहे. गटाची पंचसूत्री मोडून केलेली मजा पुढं वर्षभर भांडण देते. सहलीची वर्गणी वेगळी, तिचं पान वेगळं, आणि बैठकीत दर महिन्याला तो आकडा मोठ्यानं वाचायचा.

आमचा हिशेब असा होता. चौदा जणी, महिन्याला २०० रुपये, दहा महिने. म्हणजे एकीचे २,००० आणि सगळ्यांचे २८,०००. एकीच्या २,००० रुपयांची वाटणी आम्ही अशी केली : प्रवासाला ६००, मुक्कामाला ५००, जेवण-चहाला ६००, होडी आणि बाकी बघण्याला १५०, आणि अडीनडीला १५०. हा नमुना आहे. दर गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात, तुम्ही फोन करून तुमचे आकडे भरा. पण शेवटचा ‘अडीनडी’चा रकाना काढू नका. चौदा जणींचे मिळून ते २,१०० रुपये होतात. कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली, गाडी चुकली, तर तेच पैसे कामाला येतात. नाही लागले तर परत वाटून घ्यायचे.

आणखी एक खर्च आपण धरतच नाही, तो म्हणजे बुडालेली मजुरी. कारखान्यात हजेरी भत्ता असेल तर एका खाड्यानं तो जातो. तोही वहीत लिहा. तो लिहिला की कळतं, साप्ताहिक सुट्टीला जोडून एकच दिवस घेतला तर किती वाचतं.

रजेचंही ऐका. कामगारांच्या कायद्यात वर्षात ठरलेले दिवस भरले की दर वीस दिवसांच्या कामामागं एक दिवस भरपगारी रजा धरली आहे. ठेकेदाराकडं असलो तरी आपण कामगारच असतो. म्हणून निदान पंधरा दिवस आधी लेखी अर्ज द्यायचा आणि त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवायची. एकाच विभागातल्या चौघींनी एकाच दिवशी रजा मागितली तर सुपरवायझर नाही म्हणणारच. तेव्हा आधी आपसांत बोलून घ्या.

तारीख : पंचांग, ऊस आणि समुद्र

आपल्याकडं सोयाबीनची मळणी झाली, दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, की थोडी उसंत मिळते. ज्यांच्या उसाला तोड यायची आहे त्यांना तेवढी पाळी सांभाळावी लागते. समुद्रासाठीही तोच काळ चांगला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा मोकळी असते, लाटा मवाळ असतात. पावसाळ्यात समुद्रावर जाण्याचं नावही काढू नका. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत सिंधुदुर्गातली होडीची आणि पाण्यावरच्या खेळांची कामं बंदच असतात. नाताळाचा आठवडा टाळा, तेव्हा खोल्या महाग असतात. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची यात्रा असते तेव्हा मालवणच्या बाजूला गर्दी असते, तीही तारीख बघून घ्या.

आता पंचांगातली एक गंमत सांगतो. भरती-ओहोटी चंद्रावर चालते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, त्याला कोकणात उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी असतो, त्याला भांग म्हणतात. भरतीच्या वेळेचा अंदाज घ्यायला जुनी रीत आहे, तिथीला पाऊण पटीनं गुणायचं. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तर दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज तासाभरानं मागंपुढं होतो, म्हणून नेमकी वेळ त्या गावच्या मच्छीमारांनाच विचारायची. आम्ही अष्टमीच्या जवळचे दोन दिवस धरले होते.

कुठं जायचं : आम्ही वेंगुर्ला का निवडलं

मालवण-तारकर्लीचं नाव सगळ्यांना माहीत आहे. आम्ही वेंगुर्ला निवडलं, त्याला कारण आपल्यासारख्याच बाया.

वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडी आहे. तिथं स्वामिनी महिला बचत गटाच्या नऊ जणींनी २०१७ साली कांदळवनाची सफर सुरू केली. मच्छीमार घरांतल्या या बाया. त्या स्वतः होडी वल्हवतात आणि पाहुण्यांना खाडीतून फिरवत झाडांची, पक्ष्यांची माहिती देतात. बचत गट म्हणजे पापड-लोणचं, असं आपल्याला कितीदा ऐकवलं जातं! इथं गटाच्या बाया हातात वल्हं घेऊन कमवतात. आपण पाहुण्या म्हणून गेलो तर आपला पैसा एका गटातून दुसऱ्या गटात जातो, आणि चार नव्या गोष्टी शिकायला मिळतात.

कांदळवन म्हणजे खाऱ्या पाण्यात उभी राहणारी झाडं. चिखलात हवा नसते, म्हणून काही झाडांची मुळं चिखलातून वर डोकं काढतात आणि श्वास घेतात. जमिनीत पेन्सिली रोवून ठेवल्यासारखी दिसतात. या मुळांच्या जाळीत मासळीची आणि खेकड्यांची पिल्लं वाढतात, आणि वादळाच्या लाटेचा जोर इथं मोडतो. आपल्याकडं बांधावरचं झाड माती धरून ठेवतं, तसंच हे किनारा धरून ठेवतं.

वाट अशी आहे : कागल, निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी आणि मग वेंगुर्ला. साधारण दीडशे किलोमीटर. एसटीनं थांबत थांबत अर्धा दिवस धरा. गडहिंग्लज-आजऱ्याची हिरण्यकेशी नदी याच आंबोलीत उगम पावते. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, पण ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. वाटेत निपाणी कर्नाटकात लागते, म्हणून त्या मार्गाच्या गाडीचं तिकीट किती पडेल ते आधी कागलच्या स्टँडवर विचारा. पंचाहत्तरीच्या पुढच्या आजींना एसटी मोफत आहे. आधार कार्ड प्रत्येकीनं जवळ ठेवायचंच. तिकिटाला लागतं आणि राहण्याच्या जागीही मागतात. स्वतःची गाडी ठरवणार असाल तर घाट उतरायचा तो उजेडात, आणि ड्रायव्हरची रात्रीची झोप झालेली असली पाहिजे, हे ठरवतानाच बोलून घ्या.

घाटात ज्यांना उलटी होते त्यांनी पुढं बसायचं, निघण्याआधी तेलकट खायचं नाही, आणि आलेपाक जवळ ठेवायचा. बीपीच्या, साखरेच्या गोळ्या दोन दिवसांच्या न्यायच्या नाहीत, चार दिवसांच्या न्यायच्या.

मुक्काम ठरवताना फोनवर हे विचारा : एका खोलीत किती जणी? संडास-बाथरूम आत आहे का? आतून कडी नीट लागते का? रात्री घरमालक तिथंच राहतात का? जेवण किती रुपयांना, माशाचं आणि शाकाहारी वेगळं? विसार किती, आणि बेत मोडला तर परत मिळेल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मेसेजवर लिहून घ्या. आमचं तिथंच चुकलं होतं. किनाऱ्यावर अनेक घरांत निवास-न्याहारीची सोय असते आणि ती बहुतेक ठिकाणी घरातल्या बायाच चालवतात. राज्य सरकारनं २०२३ मध्ये ‘आई’ नावाचं महिलांसाठीचं पर्यटन धोरण आणलं आहे. एमटीडीसीच्या निवासात उतरणार असाल तर महिलांना काही सवलत चालू आहे का, तेही विचारून घ्या.

घर : कुणाला काय सांगायचं

आता सगळ्यात अवघड घाट. तो आंबोलीचा नाही, घरचा आहे.

‘मी जाऊ का?’ असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा ‘कशाला?’ असं येतं. आम्ही गटात ठरवलं, विचारायचं नाही, सांगायचं. पण सांगताना नुसतं ‘जाते’ म्हणायचं नाही. कागदावर लिहून भिंतीला लावायचं : सकाळचं दूध डेअरीत कोण घालणार, वैरण कोण टाकणार, पोरांची शाळा कोण बघणार, रात्रीची भाकरी कोण करणार. प्रत्येक कामापुढं नाव. ज्यांच्या घरी अडचण होती त्यांच्याकडं शेजारच्या घरातल्या मोठ्या पोरीनं किंवा जावेनं काम वाटून घेतलं, आणि पुढच्या वेळी आपण त्यांचं करायचं असं ठरलं.

एका घरी मालक तयार नव्हते. “बायकांनी समुद्रावर जाऊन काय करायचं?” असा त्यांचा प्रश्न. आम्ही चौघी जाऊन वही दाखवली. कुठं जाणार, कुठं राहणार, फोन कुणाचा, परत कधी. ते गप्प झाले. पण बोलल्या त्या त्यांच्या आई. म्हणाल्या, “सून जाणार असंल तर मी पण येतो. माझं काय दिवस राह्यलेत?” आणि त्या आल्या. आमच्यात सगळ्यात आधी पाय भिजवले ते त्यांनीच.

समुद्र : इथं मात्र थट्टा नाही

सख्यांनो, आता जे सांगतो ते नीट ऐका. आजच्या गप्पांमधलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणारी होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये शिरोडा-वेळागरच्या किनाऱ्यावर एकत्र पाण्यात उतरलेल्या कुटुंबातली माणसं ओढली गेली आणि अनेक जण परत आले नाहीत. हे आपल्यासारखेच मजेला आलेले लोक होते.

विहिरीत किंवा पंचगंगेत पोहणाऱ्या माणसालाही समुद्र फसवतो. का, ते समजून घ्या. लाटा एकामागून एक पाणी किनाऱ्याकडं आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं. पाण्याखाली वाळूचे उंचवटे असतात, त्यांच्या मधे खोलगट वाट असते. सगळं पाणी त्या वाटेनं एकदम समुद्राकडं धावतं. पाटाचं दार उघडल्यावर पाणी कसं ओढ घेतं, तसं. हा ओढीचा पट्टा वरून कसा दिसतो? आजूबाजूला लाटा फुटत असतात, पांढरा फेस असतो, आणि मधेच एका पट्ट्यात पाणी शांत दिसतं, कधी गढूळ दिसतं, फेस आत वाहताना दिसतो. माणसाला वाटतं, इथं लाट नाही, इथंच उतरावं. आणि तिथंच ओढ असते. ओहोटी लागली की ती वाढते.

त्या ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडं तोंड करून झगडायचं नाही. चांगला पोहणाराही दमतो, आणि दमला की बुडतो. अंग सैल सोडून तरंगत राहायचं, हात वर करून ओरडायचं, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, म्हणजे आडवं जायचं. पट्टा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडलं की लाटाच किनाऱ्याकडं ढकलतात.

आपल्यातल्या बहुतेकींना पोहता येत नाही. म्हणून आमच्या गटाचे नियम असे होते :

गुडघ्याच्या वर पाणी नाही. कुणी कितीही हसलं तरी नाही.

पाण्यात साडी नाही. भिजलेली साडी जड होते आणि पायाला गुंडाळते. पंजाबी ड्रेस, ओढणी काढून ठेवलेली.

समुद्राकडं पाठ करून फोटो काढायचा नाही.

उतरण्याआधी तिथल्या जीवरक्षकाला किंवा मच्छीमाराला विचारायचं, कुठं उतरावं. लाल झेंडा असेल तर उतरायचंच नाही.

एका वेळी निम्म्या जणी पाण्यात, निम्म्या काठावर. काठावरच्यांनी मोबाइल बघायचा नाही, मोजायचं. सात गेल्या, सात दिसतात का?

कुणी ओढलं गेलं तर हातात हात घालून साखळी करून मागं धावायचं नाही. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, असे घरंच्या घरं बुडतात. आम्ही तेलाचे पाच लिटरचे दोन रिकामे कॅन घट्ट झाकण लावून आणि नायलॉनची लांब दोरी बांधून नेले होते. असा कॅन फेकला की माणूस त्याला धरून तरंगतो. आरडाओरडा करून जीवरक्षकाला बोलवायचं आणि ११२ ला फोन लावायचा.

होडीत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्यायचं आणि त्याचे पट्टे बांधायचे. नुसतं खांद्यावर अडकवलेलं जॅकेट पाण्यात निघून जातं. होडीवर किती माणसांची परवानगी लिहिली आहे ते वाचायचं. त्याहून जास्त बसत असतील तर उतरायचं. पैसे गेले तरी चालतील.

हे नियम आम्ही बैठकीत वाचले तेव्हा दोघी-तिघी हसल्या. मग पहिल्याच संध्याकाळी आमच्यातली एक जण गुडघाभर पाण्यात उभी होती. लाट परत फिरली, पायाखालची वाळू सरकली, आणि ती बसकी पडली. पुढची लाट आली तेव्हा तिला उठता येईना. काठावरून मोजणाऱ्या दोघींनी लगेच बघितलं, कॅन फेकला, तिनं तो धरला आणि दोरीनं ओढून तिला बाहेर घेतलं. सगळं मिनिटभरात झालं. पाणी गुडघाभरच होतं. तिनं साडी नेसली असती किंवा आम्ही फोटो काढत बसलो असतो, तर आज आम्ही रेडिओवर दुसरंच काही सांगत असतो. त्यानंतर कुणी हसलं नाही.

दुसरा दिवस : शिरोडा आणि लाटेवरची पोरं

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरोड्याला गेलो. मे १९३० मध्ये इथं मिठाचा सत्याग्रह झाला होता. आणि आपल्या कोल्हापुरात पुढं स्थायिक झालेले वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ इथल्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या ‘ययाति’ कादंबरीला ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. आमच्यातल्या एका ताईनं शाळेत त्यांचा धडा वाचला होता, तिला फार बरं वाटलं.

शिरोड्यापासून आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून गोव्यात गेलं की पेडणे तालुक्यातलं हरमल गाव लागतं. तिथं आणि पुढं मांद्रे, आश्वेच्या किनाऱ्यावर लाटेवर फळी घेऊन खेळणारे लोक दिसतात. त्याला सर्फिंग म्हणतात. दूर समुद्रात वारा पाण्याला ढकलतो, त्याची लाट होते. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं की लाटेचा पाय अडखळतो आणि डोकं पुढं पडतं. लाट फुटायच्या त्या क्षणी फळीवर उभं राहायचं आणि तिच्यावरून घसरत यायचं, असा हा खेळ.

हा खेळ परदेशी लोकांचाच, असं आम्हाला वाटायचं. तसं नाही. कर्नाटकात मंगळूरजवळ मुल्कीला २००४ पासून सर्फिंग शिकवतात. मुंबईची इशिता मालवीय मणिपालला शिकत असताना २००७ मध्ये लाटेवर उभं राहायला शिकली, आणि आज भारतातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून तिचं नाव घेतात. पुढं उडुपीजवळ कोडी बेंगरे या मच्छीमार गावात तिनं इतरांनाही शिकवायला सुरुवात केली. टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला.

आम्ही काही फळीवर चढलो नाही. वाळूत बसून भडंग खात बघत राहिलो. एक पंधरा-सोळा वर्षांची पोर सात-आठ वेळा पडली आणि पुन्हा फळी घेऊन आत गेली. नवव्यांदा उभी राहिली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती बघतच राहिली, या कोण बाया म्हणून! तुमच्या गटात तरुण मुली असतील आणि त्यांना शिकायचं असेल, तर आधी पोहायला शिकवा. मग शिकवणाऱ्याचं प्रमाणपत्र विचारा, एका शिक्षकाकडं किती शिकणारे ते विचारा, आणि पावसाळा सोडून शिका.

जेवायला बसण्याआधी थाळीचा दर विचारा. मासळीचे भाव रोज बदलतात आणि बिल आल्यावर तोंड वाकडं करून उपयोग नसतो. खरेदी करायची तर कोकम, काजू, मालवणी खाजा तिथल्या महिला गटाकडूनच घ्या. आपला प्लास्टिकचा कचरा आपल्या पिशवीत परत आणा. परतीची गाडी दुपारी लवकर धरा, म्हणजे अंधार पडायच्या आत घाट चढून होतो.

घरी आल्यावर

रात्री कागलला उतरलो. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा शिफ्ट, पुन्हा धार, पुन्हा डबा. काही बदललं का? एका घरी भिंतीवरचा कामाचा कागद मालकांनी काढला नाही. रविवारची वैरण तेवढी ते अजून टाकतात. अडीनडीच्या पैशातले १,४०० रुपये उरले होते, ते शंभर-शंभर रुपये परत वाटले आणि तसं वहीत लिहिलं. आणि ज्या पाण्यात पडल्या होत्या, त्यांनीच पुढच्या बैठकीत विचारलं, “या वर्षीची वर्गणी कधीपासून?”

विश्रांती ही कुणी दिली तर घ्यायची वस्तू नाही. शिफ्ट आपण भरतो, धार आपण काढतो, हप्ता आपण फेडतो. दोन दिवसही आपणच ठरवायचे. फक्त ते ठरवताना गटाचा पैसा, घरचं काम आणि समुद्राचं पाणी, तिन्हींचा हिशेब चोख ठेवायचा.

तुमच्या बैठकीत बोलण्यासाठी

१. आपल्या गटातल्या किती जणींनी समुद्र पाहिला आहे? किती जणी घरच्या कामाशिवाय एक रात्र बाहेर राहिल्या आहेत?

२. सहलीची वेगळी वर्गणी काढायची झाली तर महिना किती जमेल? कुणाला जमणार नसेल तर तिच्यासाठी काय करता येईल?

३. दोन दिवस घरची कोणती कामं कोण करील? प्रत्येकीनं आपल्या घराचा कागद तयार करून आणा.

४. समुद्रातली ओढ कशी ओळखायची आणि तिच्यात सापडलं तर काय करायचं, हे आज एकीनं दुसरीला सांगा. घरी जाऊन मुलांनाही सांगा.